लुटीची बोरं

पातूर,
२२ जानेवारी २०२५

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. हरभऱ्याले घाटे भरून राहिले. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तोंड चालू आहे, म्हणजे प्रकृती उत्तम समजावी.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो. कागद मध्येच कापता येत नाही.

रथसप्तमीला माझ्या नातीची, दामिनीची लूट, म्हणजे शहरी लोकांचं बोरन्हाण, आहे, असं कळलं. "आई, तू ये," असं तू म्हणालीस. तुझ्या आईनं मला तसंच सांगितलं, एक शब्दही वाढवला नाही. असो. बोरं मात्र बाजारातून घेऊ नका. ती हिरवी, लिंबाएवढी बोरं माणसानं खावी. लेकराच्या डोक्यावर ओतायची वस्तू नाही ती.

म्हणून मी डोंगराच्या पायथ्याची बोरं पाहत फिरतो आहे. ही झाडं कोणी लावली नाहीत. पाखरांनी, बकऱ्यांनी जिथं बी टाकलं तिथं उगवली. एकाच नाल्याच्या काठावर एकाचं बोर गोल, दुसऱ्याचं टोकदार. एकाचं पान रुंद आणि खालून पांढरं मऊ, तर शेजारच्याचं निमुळतं, खालून तांबूस. पाहणाऱ्याला सगळी सारखीच दिसतात. मला नाही दिसत.

लुटीसाठी एक झाड सापडलं. फळ लहान, साल पातळ, गर भुसभुशीत. तरी खात्री हवी, म्हणून अंगणात खाटेवर बसून मूठमूठ बोरं स्वतःच्या टकलावर टाकून पाहिली. तेवढ्यात तुझी आई बाहेर आली.

"अवो, काहून डोक्यावर बोरं आपटून राहिले?"

"लागतात का ते पाहतो."

"तुमाले काय लागते! दगड टाकला तर दगड फुटन."

मग पदरात तोंड खुपसून हसली. नंतर स्वतःच एक मूठ टाकली, जरा जोरातच. नाही लागली. बोरं पास.

आता बारशाचं. पाळण्यात पाहून मी म्हणालो, "हे पोरगी तर वेगळीच निघाली!" विहीणबाईंचा चेहरा उतरला. लेकरू सावळं, म्हणून मी बोललो असं त्यांना वाटलं. तुलाही तेच वाटलं, याचं मला नवल वाटतं. तू माझ्यासोबत रानात फिरलेली पोरगी. कलमाचं झाड आईसारखंच निघतं, त्यात पाहायचं काय? बियाचं झाड आपलं पान, आपलं फळ घेऊन येतं. शंभर बोरी ओलांडून मी एखादीपाशी थांबतो, फांदीला खुणेची चिंधी बांधतो, तेव्हा तोंडातून काय निघतं? "हे वेगळी निघाली." तू लहान असताना चिंधी बांधायला तुलाच तर खांद्यावर घ्यायचो.

त्या पोरीची हनुवटी ना तुझी, ना नितेशरावांची. कानाची पाळी तर मी आपल्या घरात कोणाचीच तशी पाहिली नाही. आता दात आले असतील. वरचे आधी आले की खालचे, हे तुझी आई धड सांगत नाही. "लेकराचे दात हायेत, बोरीचे काटे नाही," म्हणते.

बोरं आदल्या दिवशी सकाळी तोडीन, म्हणजे ताजी राहतील. पिशवी जड होईल. तुझ्या आईचा गुडघा असा, तिला ती उचलवणार नाही. "अडीच किलोले कोण जड म्हणते?" असं ती आताच मागून वाचून म्हणाली. तिचं ऐकू नको. मी अमरावतीच्या स्टँडपर्यंत पिशवी आणून देईन. तिथून परतीची गाडी मिळते. पण स्टँडपासून तुझं घरही काही जवळ नाही.

तर पिशवी कुठपर्यंत आणायची, तेवढं आईच्या फोनवर कळव. नितेशरावांना आणि विहीणबाईंना नमस्कार. दामिनीला मी काय सांगू, तिला अजून माझा आवाज ओळखीचा नाही.

पिशवी धरून बसलेला,
तुझा बाबा