हात सैल सोडण्याबद्दल

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. थोरली म्हणजे मी. (सख्ख्या जावयाला दूधवाला समजून त्याच्यापुढे पातेलं धरणाऱ्या बाईला हे आधीच सांगितलेलं बरं.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत. अक्षर खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीचं आहे. घरच्यांना लिहायला बसवलं असतं, तर त्यांनी मलाच गाळून लिहिलं असतं.

तर, नातसुनेचे दिवस भरत आलेत. येणाऱ्या जिवाच्या अंगावर पहिलं पांघरूण माझ्या हातचं पडावं, एवढी एकच हाव मला उरली आहे. ऊब हवी तर वीण दाट हवी, म्हणून मी जाड लोकर घेतली, क्रोशाची बारीक सुई घेतली आणि एकेक टाका गळा दाबावा तसा आवळला. शाल झाली, पण अंगावर पडेना. जमिनीवर ठेवली तर आपली आपण उभी! नातसून म्हणाली, "अय्या आजी, किती मजबूत!" आणि दुसऱ्या दिवशी ती कपडे धुण्याच्या मशीनखाली सरकवली. तेव्हापासून मशीन हादरत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझं एवढं कौतुक पहिल्यांदाच झालं.

तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "ताई, हात सैल सोड." अगं, उभा जन्म हात आवळून संसार केला, आता सैल सोड म्हणे! सोडला. त्याची झाली जाळी. आमचे चिरंजीव (केस पिकले, अक्कल अजून हिरवीच) म्हणाले, "कांदे टांगायला बरी आहे." टांगलेत.

मग तुझी राखाडी शाल आठवली. बोट शिरणार नाही इतकी दाट, तरी हातावर टाकली की पाण्यासारखी ओघळते. पुन्हा फोन केला, तेव्हा तू खरं ते सांगितलंस (आधी विसरले होते म्हणे!): लोकर बारीक, सुई तिच्या मानाने जाड, एक आखूड टाका, एक साखळी, आणि पुढच्या ओळीत सुई टाक्यात न घालता साखळीखालच्या फटीत घालायची. एका ओळीची भोकं दुसरी बुजवते, आणि टाक्यांना हलायला जागाही राहते. एकमेकांची भोकं झाकायची आणि गळाही धरायचा नाही. माणसांना जमलं नाही ते लोकरीला जमतं बघ.

वीतभर झालंय, छान लोळतंय. नातसुनेने हात लावून पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "आता नका हो डोळे शिणवू, आजी. बाळाचं सगळं दुकानातून आणलंय." मी हसले. (शिंपीण म्हणते, हसल्याचं लिहू नका, खोटं वाटतं. लिही गं तू.)

तुझी,
ताई

ता. क. वीतभर नाही, चार बोटं झालंय. त्यातलीही दोन शिंपिणीची. हातात सुई ठरत नाही गं आता.

आणखी ता. क. तेव्हा अख्खी शाल तूच विणून पाठव. शेवटची ओळ तेवढी सोड. ती मी सगळ्यांच्या देखत घालीन, आणि चांगली दिवसभर घालीन. इथे माझं पार्सल मी सोडून सगळे फोडतात, म्हणून शाल डब्याच्या तळाशी दडप आणि वर वाळवलेली कारली भर. काजू-बदाम घातलेस तर खबरदार! कारलीच पाठव, तीही बिनमिठाची.