धाकटीच्या लॅपटॉपवरच्या रेघा

प्रिय बडबडे,

तुझे मिस्ड कॉल पाहिले. उचलले नाहीत, कारण फोनवर तू कुणाला बोलू देत नाहीस आणि मला हे सगळं सलग सांगायचंय. म्हणून खोक्यात लॅपटॉपबरोबर हे पत्र ठेवतेय. आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. तुझी सगळी ड्रॉइंग्ज शाबूत आहेत, सोमवारचं कॉलेजातलं सादरीकरण ठरल्याप्रमाणे होईल. पण खोक्यातला लॅपटॉप तुझा नाही, दुकानातला माझा आहे. तुझी डिस्क काढून त्यात बसवलीय. दिसायला कळकट आहे, एन्टर जरा जोरात दाबावं लागतं आणि तुझी ती काचेची इमारत पडद्यावर फिरवताना अडखळतो. सांभाळून घे.

तुझ्या लॅपटॉपवर हिरव्या-जांभळ्या रेघा येत होत्या आणि पडदा गेला, पडदा गेला म्हणून तू माझं डोकं खाल्लं होतंस. पडद्याला काही झालं नव्हतं, ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. तुझ्या लॅपटॉपात ते सुटं काढता येत नाही, त्याची चिप मुख्य बोर्डावरच पक्की बसवलेली असते. आमच्या दुरुस्तीच्या धंद्यातले बरेच जण तिला गरम हवा देऊन तात्पुरती जागी करतात आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावतात. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. तुझ्या बाबतीत मला ते करवेना. नवी चिप मागवली, जुनी उतरवली आणि भिंगाखाली मान मोडून नवी बसवली. हल्ली डोळे लवकर शिणतात, मधेच उठून भिंतीकडे बघत बसावं लागतं. पण जमलं. रेघा गेल्या. चाचणी म्हणून तुझी इमारत पडद्यावर फिरती ठेवली आणि अण्णांची औषधं आणायला गेले.

अण्णांना आता मी दुकानातच घेऊन येते. घरी एकटं ठेवलं की गॅस चालू राहतो. ते बरे आहेत असं मी तुला सांगत असते, ते अर्धंच खरं आहे. कधी मला ओळखतात, कधी मी त्यांना शेजारची कुणीतरी वाटते. पण हातात स्क्रू ड्रायव्हर दिला की बोटं अजून टीव्ही मेकॅनिकचीच. म्हणून त्यांच्यापुढे जुने रेडिओ ठेवते. दिवसभर खोलतात, जोडतात, स्क्रू वाटीत ओळीने लावून ठेवतात. त्यांचा वेळ जातो आणि मला काम करता येतं.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. परत आले तर तुझा लॅपटॉप पालथा आणि अण्णा शेवटचा स्क्रू आवळत होते. शेजारी पुसून लख्ख केलेला तांब्याचा पत्रा, त्याला जोडलेला पंखा. पूर्वी एखादा टीव्ही फार तापला की ते त्याचं मागचं झाकण काढून ठेवायचे, त्याला जरा श्वास घेऊ दे म्हणायचे, आठवतं? इथेही त्यांना वाटलं, या पत्र्याखाली चिप गुदमरतेय. तो पत्राच तर तिची उष्णता ओढून घेतो गं! मी ओरडेपर्यंत त्यांनी तो सुलटा करून बटण दाबलंसुद्धा. पडदा उजळला, रेघा आल्या आणि मग सगळं काळं. जळका वास दुकानभर. दुसरी चिप सोमवारच्या आत मिळणं शक्यच नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही, तेवढं त्राणच नव्हतं. स्टुलावर बसले आणि विचारलं, कशाला हात लावलात? त्यांनी माझ्याकडे गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं आणि अदबीने म्हणाले, माफ करा हं, जरा वेळ लागला. हे माझ्या धाकटीचं आहे. एरवी थोरलीच करते, पण ती फार दमलीय हो. कुणाला सांगत नाही. म्हटलं, आज आपणच करून टाकू.

बडबडे, ज्यांना माझा चेहरा आठवत नाही त्यांना हे दिसलं, आणि मी तुला दर फोनवर सगळं ठीक आहे म्हणते. ठीक नाही. सुट्टीत तू तिथल्याच एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम शिकायला राहणार आहेस, आणि खुशाल राहा असं मीच म्हटलं होतं. आता म्हणते, राहू नकोस. शिक्षण सोडायचं नाही, तसलं काही मनात आणलंस तर तंगडं मोडीन. पण सादरीकरण झालं की सुट्टीभर घरी ये. अण्णांजवळ बस. मला झोपायचंय.

तुझीच,
थोरली