‘फील’ नाही म्हणे

बाबा, आज ऑफिसात पुन्हा भांडले. तुम्ही असता तर म्हणाला असता, “आधी नोकरी सांभाळ.” सांभाळली आहे. नोएडातलं तेच न्यूज चॅनल, दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोने तोच लांबचा प्रवास, आणि आदिवासींवर काही करायचं निघालं की मीटिंगमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळतात, तेही तसंच.

गेल्या महिन्यात आपल्या पाड्यावर शूटिंगला गेले होते. तिथल्या उपकेंद्रातली नर्स आपल्यातलीच आहे. पावसाळ्यात अँब्युलन्स नदीच्या पलीकडेच थांबते, बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागतं, पूल मंजूर होऊनही होत नाही, हे तिने कॅमेऱ्यासमोर चिडून, स्वच्छ सांगितलं. इथे आमच्या साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “अच्छा है यार, पर ट्रायबलवाली फील नहीं आ रही. कोई डान्स है?” मी म्हटलं, “सर, वो ड्यूटी पर है.” बाई केविलवाणी दिसत नाही आणि नाचतही नाही, मग दाखवायची कशी, हा त्यांना खरोखरच पडलेला प्रश्न होता. शेवटी दाखवली. मध्ये कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातला जुना नाच घुसवला, खाली पट्टी ‘जंगल की बेटी’, आणि पूल कापून टाकला. लगेच नर्सचा फोन. “ताई, मी दिसले छान. पण तो नाच कुठला? आणि पूल कुठे गेला?” कापला, म्हटलं. “मग भांडा की!” म्हणून आज भांडले. साहेबांनी हात जोडले. “ठीक है, पूरा इंटरव्ह्यू वेबसाइट पे डाल दो. वहाँ कौन देखता है!” टाकला. आता जिल्ह्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला लिंक पाठवत बसले आहे.

परतताना मेट्रोत राग मात्र तुमचा आला. तुम्ही थंडीत इथे आला होता, आपण हस्तकलेच्या मेळ्यात गेलो होतो. तुम्ही कोट घातलेला, कडक इस्त्रीचा. कुठलीशी वार्ताहर मुलगी धावत येते. गाव विचारते, ऐकून खूश होते, आणि म्हणते, “अंकल, कोट उतार दीजिए ना. ये ढोल पकड़िए.” तुम्ही सांगता, “मैं पोस्टमास्टर था, बेटी. बजाना नहीं आता.” “बस, पकड़ना है.” आणि तुम्ही कोट काढून माझ्या हातात देता! मी तुमच्यावर केवढी ओरडले. तुम्ही थंडीने काकडत म्हणालात, “नवीन पोर आहे. तिचं काम अडलं असतं.” बाबा, अशांची कामं अडू द्यायला हवी होती. तुम्ही टपालखात्याबद्दल, पाड्यावरच्या पहिल्या मनीऑर्डरीबद्दल किती बोललात तिच्याशी! त्यातलं एक अक्षर त्यांच्या बातमीत ऐकवलं नाही. नुसता ढोल, आणि वर त्यांचं संगीत.

हे सगळं तुमच्यापर्यंत पोचणार नाही, ठाऊक आहे. पण एक सांगते. तुमचं हलतं चित्र माझ्याकडे दुसरं कुठलंच नाही. ती क्लिप मी जपून ठेवली आहे. आवाज बंद करून बघते, आणि तुमचे ओठ हलतात तेव्हा काय म्हणत असाल ते मोठ्याने बोलते.