ब्रेकच्या टाकीतलं टोरीचं तेल

पेडल मी बरोबरच दाबलं होतं. खोट माझ्या पायात नव्हती, तुझ्या तेलात होती, अन् हे तुले मरायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. आता रामराम घे, बाबा. अक्षर वाकडं आहे, वाचता येईल तसं वाच. चौथीतून मले कोणी काढलं, ते तुले माहीत आहे.

तू आमगाव ते सालेकसा जीप चालवायचा. बिघडली का अंगणातच खोलायचा, कारण तुझ्या लेखी सगळे मिस्त्री चोर. ब्रेकची हवा काढायची असली का मले सीटवर बसवायचा. मी स्टेअरिंगले लोंबकळून, सीटच्या काठावर घसरत पेडल दाबायची अन् तू चाकाखाली पडून ओरडायचा, "दाब. धरून ठेव. सोड." त्या हिवाळ्यात ब्रेक ऑइल संपलं. आपल्या घरी जे गंजलं, अडकलं, करकरलं, त्याले एकच औषध होतं, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. बंडीच्या आसाले टोरीचं तेल, दाराच्या कडीले तेच, मायच्या फुटलेल्या टाचेले तेच, अन् भाजीलेही तेच. तू म्हटलं, "चुलीजवळ ठेवून पातळ करून आण." थंडीत ते तुपासारखं गोठते, हे आपल्या इकडच्या शेंबड्या पोरालेही समजते. तुले समजलं नाही. मी बाटली शेकून आणली अन् तू ती ब्रेकच्या टाकीत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंडीत माय तुझ्या बाजूच्या सीटवर बसून माहेरी निघाली. जंगलातल्या उतारावर ब्रेक लागला नाही, जीप सागाच्या झाडावर गेली. तुले खरचटलं. मायचा पाय मोडला, तो जुळला पण वाकडाच जुळला. अंगणात लोक जमले तर तू सगळ्यांसमोर म्हणतो, "पोरीनं पेडल नीट दाबलं नाही, हवा राहून गेली." मागून कोणीतरी म्हटलं, पांढऱ्या पायाची आहे पोरगी. तू ऐकलं अन् बिडी पेटवली. मायचा पाय माझ्यापायी गेला, तर मायचं काम मीच करावं, असा तुझा न्याय. शाळा सुटली ती तिथंच. पुढं पाहायले येणारे पाहुणे गावच्या वेशीपाशी चौकशी करून परत जायचे. शेवटी मले बिजवराले दिली. माणूस चांगला निघाला, पण त्यात तुझी काही हुशारी नाही.

हे सगळं मी गिळून बसली होती. यंदा पावसाळाभर सुनेची गाडी अंगणात उभी राहिली अन् मागचं चाक जाम झालं. सून आमगावले नोकरीले जाते, पावसाळ्यात चिखलापायी एसटीनं, एरवी गाडी तीच चालवते, माझा पोरगा बाजूले बसून फुटाणे खाते. मोबाइलवर पाहून पाहून ती स्वतःच चाक खोलून राहिली होती. ड्रम गंजून असा चिकटला होता का हातोड्यानं ठोकठोकून निघाला, अन् हवा काढायचं निप्पल पान्ह्यातच तुटलं, म्हणजे चाकातला ब्रेकचा सिलेंडरच नवा आणावा लागणार. पोरगा म्हणे, "म्या सांगतलं होतं हळू फिरव." सून म्हणे, "तुमी सांगाच फक्त. हात नका लावू." मी घरातून टोरीचं तेल आणलं. म्हटलं, "आतमंदी सोड थोडं, मोकळं होते." तिनं बाटली माझ्या हातातच धरली. "बाहेरच्या नटाले लावा, आई, पाहिजे तेवढं. आत एक थेंब नाही. यानं ब्रेकचं रबर फुगते. अन् थंडीत गोठलं का नळीच बंद."

मी बाटली खाली ठेवली. तिनं काढून फेकलेलं जुनं रबर उचललं अन् वाटीत टोरीच्या तेलात बुडवून ठेवलं. नवा सिलेंडर येईपर्यंत ते भिजल्या वाटाण्यासारखं फुगलं. जुन्या सिलेंडरात परत घालून पाहिलं, जाईना. मग एकेक आठवत गेलं. गोंदियाहून जीप दुरुस्त होऊन आली, तेव्हापासून तू टोरीचं तेल तिच्या जवळपास फिरकू दिलं नाही. मायनं एकदा जीपच्या दाराच्या बिजागरीले लावलं तर तू बाटली अंगणात आपटून फोडली. आम्हाले वाटलं, माणूसच तापट. तिथल्या मिस्त्रीनं असंच एखादं रबर तुझ्या तळहातावर ठेवलं असेल. तुले सगळं समजलं. अन् घरी येऊन तू पोटभर जेवला, झोपला. मी तेव्हा मायची भांडी घासून राहिली होती.

पितराच्या दिवशी मी भावाकडं गेली. आजवर हरेक लग्नात तो माझ्याकडं बोट दाखवून हसत हसत सांगत आला, "आमच्या बाईनं जीप झाडावर घातली." तुझ्या नावाचं पान वाढलेलं होतं, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. मी पदराची गाठ सोडली अन् ते फुगलेलं रबर पानाच्या मधोमध ठेवलं.

"हे काय व्हय, बाई?"

"तुझ्या बापाले वाढायचं राहून गेलं होतं."

मग सुना, जावई, पोरं सगळे बसले असताना सगळं सांगतलं, तेलाचं, थंडीचं, रबराचं. भावजय म्हणे, "मेल्या माणसाले आता कायले ओढता?"

म्हटलं, "जित्ता होता तवा ओढू दिला असता का तुमी?"

भाऊ मान खाली घालून होता. म्हणे, "बाबानं मले सांगतलं होतं. दवाखान्यात. बाईले सांगू नको म्हणे."

"अन् तू लग्नालग्नात काय सांगत फिरला?"

"सवय पडली होती."

तेल ओतलं, ही चूक झाली. चूक कोणाच्याही हातून होते, ती मी एखाद्या वेळेस सोडली असती. पण त्या दवाखान्यात तुझ्या उशाशी मी होती. तुझे पाय मी चेपले, तुझं अंग मी पुसलं, पाणी तू मलेच मागितलं. मी गरम पाणी आणायले खाली गेली असेल, तेवढ्यात तू पोराले बोलावून खरं सांगून मोकळा झाला. मले नाही. म्हणून आता ऐक. पुढच्या लग्नात मी बोलणार आहे, मांडवात, सोयऱ्यांसमोर, तुझं नाव घेऊन. नातवंडं, पणतवंडं हसतील ती तुले हसतील. जेवढी वर्षं मले हसले, तेवढी वर्षं तुले हसू दे. तू मेला म्हणून तुले सूट नाही.

त्या दिवशी पान बाहेर ठेवलं, पण कावळा काही तुझ्या पानाले शिवला नाही. सगळे माझ्याकडंच पाहून राहिले. मीही कावळ्याची वाट पाहिली, नाही असं नाही. मग पान मागच्या अंगणात नेलं अन् तुझ्या वाटचे वडे मीच खाल्ले. चांगले झाले होते.

हा कागद कोणाच्या हाती देणार नाही, पाण्यातही सोडणार नाही. पेटीत पडून राहील. दाराशी कोणी भांडायले आलं का तू मायले पुढं करायचा अन् स्वतः मागच्या दारानं निघून जायचा. आता मायही तिकडंच आहे, पण तिले स्वप्नात पाठवू नको, ती बिचारी वाकड्या पायानं लय चालली. भावाच्या तोंडूनही सांगू नको. उत्तर तू दे, तुझ्या तोंडानं.