पाच तारखेचं पाकीट

५ जुलै
पाच तारीख. सहाची जयगड एस.टी. पकडायच्या आधी बाबांच्या हातात पाकीट दिलं. सात हजार, शिक्षणकर्जाचा हप्ता. नोकरी लागल्यापासून हेच. सहअर्जदार ते, बँकेत फोन नंबर त्यांचा, शाखा गावची म्हणजे पावसची, आणि मला सुट्टी नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात. संध्याकाळी नेहमीचं, "भरला हप्ता." सोबत मासळी. सध्या होड्या बंद, म्हणून सुके बोंबील.

८ जुलै
रिटर्न भरायचंय. पगार पंचवीस हजार, पण कागदावर मी 'प्रोफेशनल', म्हणून दरमहा दहा टक्के टॅक्स कापून घेतात. इंजिनिअर झाले आणि बंदरावर ट्रक मोजते, मान मात्र डॉक्टर-वकिलांचा. वर्षाचे तीस हजार परत मिळतील, ते सगळे कर्जात टाकायचे. रिटर्न भरणारे सर म्हणाले, कर्जव्याजाचा दाखला आण, फाइलला असू दे. बाबा म्हणाले, तू कशाला, मी आणतो ना.

१५ जुलै
दाखला नाही. आधी साहेब रजेवर, मग प्रिंटर बिघडला, आज म्हणे पाऊस. रत्नागिरीत जन्म काढलेला माणूस जुलैत पावसाला घाबरतो.

१७ जुलै
अर्धा दिवस बिनपगारी. स्वतः पावसला गेले. दाखल्यावर अख्ख्या गेल्या वर्षात दोन हप्ते. एप्रिल, मे. पुढे काही नाही. यंदाचंही नाही.
म्हटलं, चूक असेल, वडील दर महिन्याला येतात.
काउंटरवरची बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "पत्र गेलं की येतात ना. म्हणतात, मुलीला अजून नोकरी नाही, जरा थांबा."
चौदा पाकिटं. मोजली. परतीच्या एस.टी.त दोनदा मोजली.

१८ जुलै
आईला एकटीला गाठलं. तिला पहिल्यापासून माहीत. निल्या, माझा धाकटा भाऊ, बोटीवर लागायचं म्हणून वर्षभर नवी मुंबईत बसलाय. खोली, जेवण, एजंट, सगळं माझ्या पाकिटावर. मला सांगितलं होतं, मामा देतात.
"अगो, तो बोटीवर लागला की फेडील सगळं. तुला काय, तुझा पगार चालूच आहे."
घरात माझा पगार चालू, बँकेत मी बेकार.
बाबांना काही बोलू नकोस म्हटलं. नाही बोलणार ती. भांडणापेक्षा तिला काहीही चालतं.
रिटर्न भरून आले.

३० जुलै
तीस हजार आले. घरी सांगितलं नाही, तडक पावसला. दंड आणि थकलेलं व्याज त्यातच गेलं, मुद्दल जिथल्या तिथे. वर्षभराचा परतावा दहा मिनिटांत संपला. बँकेत माझा नंबर घालून घेतला.
बाई म्हणाली, "लागली वाटतं नोकरी? छान."
हो म्हटलं.

४ ऑगस्ट
दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या. नोटेच्या मापाच्या कापल्या. 'मे'च्या खालचा रिकामा रकाना वरच येईल अशा लावल्या. आईने विचारलं काय करतेस. म्हटलं, ऑफिसचं.

५ ऑगस्ट
सकाळी पाकीट दिलं. बाबांनी जाडी अंगठ्याने चाचपली, वरच्या खिशात घातलं. शर्ट इस्त्रीचा. उघडतील तेव्हा कुठे असतील, याचाच विचार दिवसभर. तीन ट्रक चुकले.
आठला घरी आले. होड्या सुरू झाल्यात, बांगड्याचं तिखलं. बाबा ताटावर बसलेले, शर्ट अजून तोच. खिसा सपाट.
मी विचारलं, "भरला हप्ता?"
त्यांनी काटा काढला. ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा काढला.
"भरला," म्हणाले. वर बघितलं नाही.
आई म्हणाली, वाढू का गो. बाबांचा फोन वाजत होता. निल्याच असणार, त्याला पैसे आजच लागतात. वाजून वाजून थांबला, परत वाजायला लागला. बांगडे कुणाच्या पैशांचे ते विचारलं नाही. दोन खाल्ले.