गुलाबी मनोरा, मुक्काम देवपूर

१ जून, रविवार
मुंबईहून परत. तीन दिवस ज्यू लोकांच्या शाळेत बसून मॉन्टेसरी बघितली. डोळे उघडले. मुलं चटईवर आपापलं काम निवडतात, बाई नुसत्या बघतात. असोद्याची केळी नेली होती. ती पोरांनी स्वतः सोलली, बोथट सुरीने कापली आणि मलिद्यात घातली. मलिदा म्हणजे त्यांच्याकडचा गोड पोह्यांचा प्रसाद. एक चकती दुसरीसारखी नव्हती. एकाला नीट कापून दाखवायला गेलो, तर तिथल्या रिबेका नागावकर बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, प्रशील, हात मागे बांधून उभे राहा बरं. निघतानाही तेच बोलल्या. माझी उभं राहायची ढब त्यांच्या मनात भरलेली दिसते.

संकल्प: देवपुरात मॉन्टेसरी प्राथमिक शाळा. परीक्षा नाही, होमवर्क नाही, पाढ्यांची घोकंपट्टी नाही. आपलं काम मूल स्वतः निवडणार. पहिली विद्यार्थिनी आपली लेक साक्षी. स्नेहल म्हणाली, आधी साक्षीला विचारा तरी. बायको असून पहिल्याच दिवशी विरोधी पक्षात.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. विहाराशेजारचा समाजाचा हॉल मिळाला.

समोरच्या गल्लीतल्या निंबाभाऊंनी आपली रूपा आणली. पाढे नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग चटईवर साक्षी दिसली. म्हणाले, "तुमनी पोर आठे शे ना सर? मंग आमनी बी ऱ्हाई." बाकीचे पालक निंबाभाऊंच्या मागे. म्हणजे सगळी शाळा साक्षीवर उभी. पाया भक्कम आहे.

रुपचंद सुताराकडून गुलाबी मनोरा करून घेतला. दहा ठोकळे, मोठा खाली, छोटा वर. मुलांना स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावलं. डबे उघडेपर्यंत समजावत होतो. मग मनोरा रचून दाखवला. कोणाला हात लावू दिला नाही, पडला असता.

२७ जून, शुक्रवार
त्या मुंबईच्या शाळेत दर शुक्रवारी मुलं शब्बाथसाठी, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, पाव मळतात. आपल्याकडे ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. हात कसा फिरवायचा ते दाखवता दाखवता परातीतलं सगळं पीठ मळून झालं. मुलं फार एकाग्र होती. दोघं झोपली, पण ती एकाग्रतेची पुढची पायरी असावी.

निंबाभाऊ दारातून बघत होते. म्हणाले, "पोर घर बी पीठ देखस, आठे बी पीठच देखस. शिकस कव्हय?" त्यांना म्हटलं, धीर धरा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

११ जुलै, शुक्रवार
आज शांततेचा खेळ. सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं. दारातून एकेकाचं नाव कुजबुजायचं, ज्याचं नाव येईल त्याने चवड्यांवर चालत यायचं. मी "आकाश" म्हणून कुजबुजलो, तर रस्त्यावरचा रिक्षावाला आकाशही आत आला. आवाजावर थोडं काम करायला हवं.

पण "साक्षी" म्हटलं आणि ती आली. पाय न वाजवता, ओठ दाबून, थेट माझ्यापर्यंत. एवढ्यासाठीच तर शाळा काढली.

८ ऑगस्ट, शुक्रवार
चार मुलं शाळा सोडून गेली. काळजी नाही, भाकरीला पीठ कमी लागेल. निंबाभाऊ मात्र टिकून आहेत. रोज दारातून साक्षी आहे ना ते बघतात, मग रूपाला आत सोडतात.

३ सप्टेंबर, बुधवार
चमत्कार! साक्षी अंघोळ करताना साताचा पाढा म्हणत होती. अडखळली नाही. मी शिकवलेला नाही! मूल आतून उमलतं म्हणतात ते हेच. निंबाभाऊंना बोलावून ऐकवलं. ते गार. साक्षी का कोण जाणे रडवेली झाली. स्तुतीची सवय नाही पोरीला.

संध्याकाळी ती मैत्रिणीकडे खेळायला जाते, हल्ली रोज. खेळूनच बुद्धी वाढते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
दोरीवर पट्ट्यापट्ट्यांचा छोटा टाय वाळत होता. हायवेवरच्या इंग्लिश मीडियमचा असतो तसा. स्नेहलला विचारलं. म्हणाली, दिवाळीनंतर बोलू. फॅन्सी ड्रेस असणार. सरप्राइज बिघडवलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. मी लवकर येऊन चटया अंथरल्या. साक्षीला स्नेहल घेऊन येणार होती. आले निंबाभाऊ. रूपा बरोबर नाही.

आत आले नाहीत. म्हणाले, "सर, तुमनी पोर तं हायवेवरनी शाळानी बसमा बठनी. मंग आमनी बी तठेच जाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

विश्वासघात. घरातल्या घरात. तीन महिने संध्याकाळचा क्लास, ॲडमिशन, टाय, सगळं माझ्या पाठीमागे. खेळायला जाते म्हणे! दुसऱ्या कोणीही नाव काढून नेलं असतं तर सहन केलं असतं. माझी साक्षी?

रात्री जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
स्नेहलला जाब विचारला. म्हणाली, मला नका विचारू, तिला विचारा.

साक्षीला विचारलं, का गेलीस? तिने बराच वेळ टायशी चाळा केला. मग म्हणाली, पप्पा, तुम्हीच सांगितलं होतं, आपलं काम आपण निवडायचं. मी निवडलं. म्हटलं, तिथे तर नुसती घोकंपट्टी! तर म्हणाली, तिथे मला वहीत माझं मला लिहू देतात. चुकलं तरी.

माझं शस्त्र माझ्यावरच. हे वाक्य तिला स्नेहलने पढवलं असणार. निदान मनोरा तरी आठव म्हटलं. ती दप्तर भरायला गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, बालदिन
निंबाभाऊंच्या मागे बाकीचेही गेले, कोणी येणार नव्हतं, तरी हॉल उघडला. शिस्त म्हणजे शिस्त. मनोरा रचला. चटईवर बसलो, डोळे मिटले. शांततेचा खेळ इतका चांगला आजवर झाला नव्हता. कोणी खोकलं नाही, कोणी हसलं नाही. रिबेकाबाईंना दाखवायला हवा होता. बसून बसून वाईट वाटायला लागलं, म्हणून डोळे आणखी घट्ट मिटले.

तेवढ्यात दारातून कुजबुज. "पप्पा."

नियम म्हणजे नियम. चवड्यांवर उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या. कोलमडलो आणि मनोऱ्यावर पडलो. बसमधून उतरून आलेली साक्षी दारात उभी होती, टायसकट. माघारी आली म्हणायची! मी काही बोलणार, तेवढ्यात तिने कानाशी येऊन सांगितलं, आईने किल्ली मागितलीय, उद्या हॉलमध्ये कोणाची तरी हळद आहे.

किल्ली दिली. ती खाली बसली आणि ठोकळे गोळा करायला लागली. आधी सगळे एकावर एक रचले. मोठा खाली, मग त्याहून छोटा, एकही हलला नाही. मग पेटीत भरले. माझे हात पुढे जात होते, ते मागे बांधून ठेवले.

तिला मनोरा येतो. शिकवला मीच. पण तिला तो कधी रचू दिला होता, ते काही केल्या आठवत नाही.