तात्यांचा वस्तरा

९ नोव्हें.
कंपनीचा फोन. छातीचा फोटो स्वच्छ आला, १ डिसें.ला लोट्याच्या कारखान्यात हजर व्हा. आल्या आल्या गॅसमास्कची टेस्ट. "दाढी गुळगुळीत करून या," साहेबाने दोनदा सांगितलं. सहा वर्षं हेच मी प्लांटमध्ये दुसऱ्यांना सांगत होतो. केस आडवा आला की रबर गालाला चिकटत नाही, फटीतून वायू आत जातो.
महेश गेल्यापासून, म्हणजे ऑगस्टपासून, गालाला ब्लेड लावलेलं नाही.

११ नोव्हें.
पालीच्या बाजारात तात्यांच्या सलूनवरून तीनदा गेलो. चौथ्यांदा आत शिरलो. महेशचे वडील. तेराव्यानंतर आज पहिल्यांदा समोरासमोर.
"ये अन्या. बस."
मी कालच येऊन गेल्यासारखं बोलले. हात थरथरतो त्यांचा. दाढ्या बंद केल्यात, फक्त केस कापतात, तेही मशिनने. माझी दाढी चाचपून म्हणाले, "तुझी तू कर. मी शिकवतो." ड्रॉवरमधून वस्तरा काढला. ब्लेड बदलायचा नव्हे, जुना, अखंड पात्याचा. "महेशने कधी हातात धरलान नाय. कंपनीत जायचंय म्हणायचा."
नको म्हणायला तोंड उघडलं. "बरं" निघालं.

१४ नोव्हें.
तीन दिवस नुसतं चामड्याच्या पट्ट्यावर पातं ओढतोय. पुढे नेताना धार मागे, उलटताना पाठीवर. चुकलं की तात्या आवाजावरून ओळखतात, मान वर न करता.
आज परसातल्या मांडवावरचा कोवळा कोहळा आणायला सांगितला. त्याच्यावरची लव काढायची, साल न दुखवता. चौदा ठिकाणी कापला. तात्या हसले. किती दिवसांनी! मला मात्र तिथे बसवेना.

१७ नोव्हें.
आज स्वतःचा गाल. फेस लावला आणि आरशात बघितलं. नाकाखालचं सगळं पांढरं, फक्त डोळे. मास्क घातल्यावर माणूस असाच दिसतो. महेशचे डोळे असेच, माझ्याकडे बघणारे. पातं हनुवटीखाली रुतलं. तात्यांनी तुरटी दाबून धरली.
"घाबरू नको. कातडी ताण, हात सैल सोड."
मग आपणहून बोलले. "दवाखान्यातनं आणला तवा दाढी वाढलेली व्हती त्याची. आंघोळ घालायच्या आधी मीच काढली. ह्याच वस्तऱ्याने. ह्या वर्षी पयल्यांदाच श्रावण पाळलान त्याने. मीच मागे लागलो व्हतो. म्हटलं, आई आजारी, तुझ्याच्याने एवढं तरी होऊ दे."
मी अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आलो. बायको, प्रज्ञा, बघत राहिली. "हे काय?"

१८ नोव्हें.
लिहून टाकतो. कुठेतरी लिहिलेलं असू दे.
त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची वायूची लाइन उघडायची होती. मास्क तपासून सही करणं माझं काम. महेशची पंधरा दिवसांची दाढी. तोच म्हणाला, "अन्या, श्रावण हाय रे. मी खाली थांबू?" दुसरा माणूस हाताशी नव्हता. मी म्हटलं, "पट्टे घट्ट ओढ. चालतंय." सही केली.
तो वर कोसळल्यावर मीच त्याला बाहेर ओढला. त्याबद्दल सगळे माझं कौतुक करतात. तात्याही.

२२ नोव्हें.
पूर्ण दाढी झाली. एक ओरखडा कानाजवळ, बाकी साफ. प्रज्ञा म्हणाली, "चला, दिसलात एकदाचे." मी गाल झाकून जेवलो.

२५ नोव्हें.
तात्या खुर्चीत बसले. "आता माझी कर. दुसऱ्याची केल्याबिगर हात बसत नाय."
गळ्यापर्यंत आलो. डोळे मिटलेले, गळ्याची गाठ वरखाली होत होती. तसेच डोळे मिटून विचारलं, "मास्क व्हता ना रे त्याला?"
"होता."
"मंग वायू आत गेला कसा?"
वस्तरा उचलून बाजूला धरला. म्हटलं, चौकशी चालू आहे. तात्यांनी मान आणखी वर केली. "कर पुढे."
केली. कुठेही रक्त नाही. हात एवढा स्थिर कसा राहिला, त्याचीच किळस आली.

२७ नोव्हें.
प्रज्ञाला सगळं सांगितलं. तिने ताटं उचलली. मग, "तात्यांना सांगू नका. श्रावणाचं त्यांनीच सांगितलं होतं ना? म्हातारा स्वतःलाच खाईल."
मलाही तेच वाटत होतं. पण हे मला किती सोयीचं आहे!
भांडी घासता घासता तीच म्हणाली, "पण तिकडे जाऊन परत कुणाच्या मास्कवर सही कराल ना? कशी कराल?"

३० नोव्हें.
दुपारी गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. उभ्यानेच सांगितलं. दाढी, मास्क, "चालतंय", सही. तो स्वतः खाली थांबतो म्हणाला होता, तेही. काही लपवून ठेवलं नाही.
तात्या टॉवेलची घडी घालत होते. घडी पुरी केली.
"दाढीमुळे."
"सहीमुळे, तात्या. दाढी मला दिसत होती."
"दाढीमुळे," परत म्हणाले. मग, "उद्या कितीची गाडी?"
"साडेपाचची."
"जा मंग."
बाहेर आलो. मागे शटर ओढल्याचा आवाज. भर दुपारी.

१ डिसें., लोटे
पहाटे दाढी केली. पाली स्टँडवर तात्या आधीच येऊन उभे होते, मफलर बांधून. जवळ आले. माझ्या गालावरून हात फिरवला, हनुवटीपासून कानापर्यंत, उलट्या दिशेने. मग दुसऱ्या गालावरून. बोटं थंडगार.
"त्याच्या गालावर असा हात फिरवून बघितला व्हतास?"
"नाही."
तात्यांनी मान हलवली. गाडी लागली, मी चढलो. ते तिथेच उभे.
टेस्ट पास. मास्क पक्का बसला. साहेब म्हणाला, उद्यापासून सह्या तुझ्याकडे. अजून हो म्हटलेलं नाही.
रविवारी सुट्टी आहे. पालीला जाईन. दुकानाच्या पायरीपर्यंत तरी.